पांगाऱ्याची फळी आणि एकच पर

रमजान ईदच्या दिवशी दुपारी शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्यावर माझ्या भाचीने मोबाइल पुढे केला. त्यावर एका लांबलचक, पिवळट पडलेल्या फळीचा फोटो होता. "मामू, गोव्याला एक जण जुना सर्फबोर्ड विकतोय. नऊ फुटी, सिंगल फिन. घेऊ का?"

भाची हिंजवडीत नोकरी करते. दोन वर्षांपासून सुट्टी मिळाली की अश्वे-हरमलच्या किनाऱ्यावर जाते, आणि तिथल्या शिकवणाऱ्यांकडून लाटेवर उभं राहायला शिकली आहे. घरात हे फक्त तिच्या आईला आणि मला ठाऊक होतं. त्या दिवशी ते सगळ्यांना कळलं. अम्मीने वाटी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, "या घरात पाण्याचं नाव काढायचं नाही, माहीत आहे ना?"

आम्हाला माहीत होतं. वाचकांना सांगायला हवं.

आमचं घर कसबा पेठेत, नदीच्या अंगाला. एका बाजूला कुंभारवाडा, थोडं पुढे तांबट आळीतली ठोकाठोक, आणि शेख सल्ला दर्ग्यापासून मुठेचं पात्र चालत दोन-चार मिनिटांवर. 12 जुलै 1961 च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं. मागोमाग त्या पाण्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फोडलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमचं मातीच्या भिंतींचं घर त्या दुपारी बसलं. माणसं वाचली. शिवणयंत्र, धान्याची कोठी, दादाजींची उर्दू-फारसी पुस्तकं सगळं गेलं. त्यानंतर दादीने कायदा केला: या घरातलं कुणी पाण्यात उतरणार नाही. दादी जाऊन वीस वर्षं झाली, कायदा अजून आहे. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, नदीकाठी वाढलो आहे आणि मला पोहता येत नाही.

भाचीला मी म्हणालो, "थांब, आधी मला वाचू दे." मास्तर माणूस दुसरं काय म्हणणार? त्या वाचनातून हा लेख झाला. एका खेळाच्या साधनाचा इतिहास म्हणून तो वाचावा. मी मात्र तो आमच्या घरच्या कायद्याची उलटतपासणी म्हणून लिहिला आहे.

एकाच घराण्यातली दोन झाडं

लाटेवर फळी घालून तिच्यावर उभं राहणं ही हवाई बेटांची देणगी आहे. तशी लाटेवर बसून येणारी माणसं जगात इतरत्रही होती. पेरूच्या किनाऱ्यावर मच्छीमार लव्हाळ्याच्या एकट्या होडीवर घोड्यासारखं बसून लाटेबरोबर परत येतात. पण उभं राहण्याची कला, तिचे नियम, तिची झाडं, तिच्या प्रार्थना हे सगळं हवाईत जसं बहरलं तसं कुठेच नाही. कॅप्टन कुक 1779 मध्ये तिथे मारला गेला. त्याच्या जहाजावरचा अधिकारी जेम्स किंग याने लाटांवर खेळणाऱ्या माणसांचं वर्णन लिहून ठेवलं. त्याच्या लिखाणातून युरोपला या कलेची सविस्तर ओळख झाली.

तिथे फळ्यांचे प्रकार होते. 'अलाया' ही आखूड, पातळ फळी कोआ किंवा विलायती फणसाच्या लाकडाची असे. 'ओलो' ही लांब, जाड फळी सरदार घराण्यांसाठी राखलेली. ओलोसाठी जे लाकूड नावाजलेलं होतं, त्याचं नाव विलीविली. हलकं, सच्छिद्र, पाण्यावर सहज तरंगणारं.

विलीविलीचं शास्त्रीय नाव शोधलं आणि मी जागच्या जागी थबकलो. एरिथ्रिना. म्हणजे आपला पांगारा! जात वेगळी, पण घराणं एकच. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झडून लाल फुलांनी पेटणारा, अंगावर काटे असलेला, शेताच्या बांधावर उभा असणारा पांगारा. ज्याचं लाकूड जळणालाही धड नाही म्हणून लोक नावं ठेवतात, तो.

आणि हे लाकूड आपल्याकडे कशासाठी वापरत? पोहायला शिकवण्यासाठी. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावोगावच्या विहिरींत पोरांच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून त्यांना पाण्यात ढकलून देत. ज्याच्याकडे बिंडा नाही त्याच्या कमरेला वाळलेला भोपळा. हवाईतल्या सरदाराच्या पायाखाली जे लाकूड होतं, त्याचा भाऊबंद आपल्या शेतकऱ्याच्या पोराच्या पाठीवर होता.

हे मी जेवताना उत्साहाने सांगत होतो. अम्मी ऐकत होती. मग सहज म्हणाली, "बिंडा पाठीवर नीट बसला नाही तर तोंड पाण्यात जातं. दोरी काखेखालून घ्यावी लागते."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. अम्मीचं माहेर वाईचं. कृष्णेच्या पाण्यात ती आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या भावाबरोबर बिंडा बांधून पोहायला शिकली होती. लग्न होऊन कसब्यात आली, सासूचा कायदा ऐकला आणि जिभेवर कुलूप घातलं. पन्नास वर्षं आमच्या घरात एक पोहणारी बाई होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

कला कशी हरवते

हवाईत सर्फिंग कसं मागे पडलं याची एक सोपी गोष्ट सांगितली जाते: 1820 मध्ये मिशनरी आले, त्यांना उघडी अंगं आणि रिकामटेकडा खेळ आवडला नाही, त्यांनी तो बंद पाडला. यात तथ्य आहे, पण तेवढंच नाही. जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी बेटांवरची माणसंच मोठ्या संख्येने मेली. जुने विधी सुटले, कामाच्या पद्धती बदलल्या, लाटेवर जायला वेळ उरला नाही. शेवटी 1893 मध्ये तिथलं राज्य उलथवलं गेलं आणि 1898 मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. कला एका फतव्याने क्वचितच मरते. शिकवणारे हात कमी होतात आणि शिकणाऱ्याला घरून नाही म्हणतात, तेव्हा ती हरवते.

तरी ती पुरती मेली नाही. 1885 मध्ये कॅलिफोर्नियात शिकायला गेलेल्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांता क्रूझ इथे रेडवूडच्या फळ्या करून घेतल्या आणि नदीच्या मुखाशी लाटांवर उतरले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या सर्फिंगची ही पहिली ठळक नोंद. पुढे 1908 मध्ये वायकिकीच्या किनाऱ्यावर सर्फिंगसाठी आउटरिगर कनू क्लब निघाला, तो बहुतांशी गोऱ्यांचा. मूळच्या लोकांनी मग आपली 'हुई नालू' ही मंडळी जमवली आणि 1911 मध्ये तिला रीतसर रूप दिलं. पाण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

या हुई नालूतला एक तरुण म्हणजे ड्यूक कहानामोकू. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने 100 मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. 1914-15 च्या उन्हाळ्यात तो ऑस्ट्रेलियाला गेला, तिथे पाइनच्या लाकडातून स्वतः फळी घडवली आणि सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर लोकांना लाटेवर उभं राहून दाखवलं. ती फळी तिथल्या क्लबने आजही जपून ठेवली आहे.

एकाच पराची करामत

इथवरच्या सगळ्या फळ्यांना खाली काहीच नव्हतं. तळ सपाट किंवा किंचित गोल. वळायचं तर एक पाय मागे पाण्यात ओढायचा. लाट उभी झाली की फळीची शेपटी बाजूला घसरायची, ओल्या फरशीवर चप्पल घसरावी तशी.

टॉम ब्लेक हा अमेरिकन माणूस होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये जुन्या सरदारी ओलो फळ्या दुरुस्त करत होता. त्यांवरून त्याने हलकी, पोकळ फळी बनवली आणि 1932 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. 1935 मध्ये त्याने आणखी एक गोष्ट केली. एका टाकून दिलेल्या मोटारबोटीच्या तळाची धातूची पट्टी काढली, सुमारे फूटभर लांब आणि चार इंच खोल, आणि ती फळीच्या शेपटीखाली बसवली. फळी घसरायची थांबली. हीच पहिली फिन.

फिनला मराठीत पर म्हणायला हरकत नाही. माशाला पर असतात तसा हा फळीचा पर. उर्दूत पर म्हणजे पंख, आणि तोही अर्थ इथे शोभतो. पर फळीला पुढे ढकलत नाही. तो पाण्यात उभा राहून शेपटीला बाजूला सरकू देत नाही, एवढंच त्याचं काम. पण त्यामुळे उभ्या माणसाला टेकायला काहीतरी मिळतं. मागच्या पायावर भार दिला की फळी त्या एका पराभोवती फिरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्सा लाकूड आणि फायबरग्लास आलं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस फोमची फळी आली आणि लाकूड मागे पडलं. 1966 च्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग लवचीक, मागे झुकलेली फिन लावलेल्या फळीवर जिंकला. पुढच्या एक-दोन वर्षांत फळ्या भराभर आखूड होत गेल्या, पर मात्र एकच राहिला. मग मार्क रिचर्ड्स दोन फिनच्या फळीवर चमकला आणि 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षं जगज्जेता झाला. त्याच काळात, 1981 मध्ये, सायमन अँडरसनने तीन फिनच्या फळीवर बेल्सची स्पर्धा जिंकली. तीन पर असलेली फळी झटक्यात वळते आणि उभ्या लाटेलाही चिकटून राहते. स्पर्धांमधून एकच पर जवळपास हद्दपार झाला.

मग आज लोक पुन्हा तिकडे का वळतात? भाचीने दिलेलं उत्तर मला पटलं: "मामू, तीन फिनच्या बोर्डवरची माणसं सारखी काहीतरी करत असतात. जुन्या बोर्डवरच्या बायका नुसत्या उभ्या असतात आणि लाट त्यांना नेते. मला तसं उभं राहायचंय."

मडकं वाजवून घ्यावं

आता निवड. पंजाबची सोहनी-महिवालची कहाणी सगळ्यांना माहीत आहे. सोहनी कुंभाराची मुलगी. रोज रात्री भाजलेल्या घड्याच्या आधाराने चिनाब पार करून महिवालला भेटायला जायची. नणंदेने एका रात्री घडा बदलून कच्चा ठेवला, आणि मधल्या धारेत तो विरघळला. मला लहानपणापासून एक प्रश्न पडायचा: कुंभाराच्या मुलीने घडा वाजवून का नाही पाहिला? आमच्या कुंभारवाड्यात तर गिऱ्हाईकसुद्धा मडकं बोटाने वाजवल्याशिवाय पैसे देत नाही.

जुनी फळीही वाजवूनच घ्यायची असते. बोटाच्या पेराने सगळ्या अंगावर टकटक करत जायचं. आवाज एकसारखा यायला हवा. एखाद्या ठिकाणी बद्द आवाज आला आणि अंगठ्याने दाबल्यावर तिथे कातडं आत गेलं, तर वरचं फायबरग्लास आतल्या फोमपासून सुटलं आहे असं समजावं. फळी तिच्या आकाराच्या मानाने फार जड वाटली तर तिच्या पोटात पाणी गेलं आहे. थोडा वेळ उन्हात ठेवली तर भेगेतून ते पाझरतानाही दिसतं. पिवळा रंग मात्र घाबरण्यासारखा नाही, तो उन्हाचा आणि वयाचा. सगळ्यात बारकाईने पराचं मूळ पाहावं. एकच पर, त्यामुळे सगळा ताण तिथेच. तिथे गोल चिरा दिसल्या तर फळी सोडून द्यावी किंवा दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करावा.

'रेट्रो सिंगल फिन' या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, तिथे नवशिका फसतो. एक, साठच्या दशकाच्या वळणाची नऊ फूट किंवा जास्त लांबीची, रुंद, गोल नाकाची फळी. ती शांत असते, लहान लाटही पकडते, चुकी पोटात घालते. दुसरी, सत्तरच्या दशकाच्या वळणाची साडेसहा-सात फुटांची, टोकदार नाकाची, निमुळत्या शेपटीची. दिसायला फार देखणी, पण वेगवान आणि उभ्या लाटांसाठी घडलेली. गोव्याच्या कमरेएवढ्या लाटांवर ती नवशिक्याला उभंच राहू देत नाही. दिसण्यावर जाऊ नये.

पराच्या मापाचा एक ढोबळ आडाखा आहे: फळी जितके फूट, पर साधारण तितके इंच. पर खाचेत स्क्रूने बसवलेला असेल तर तो मागेपुढे सरकवता येतो. मागे सरकवला की फळी सरळ आणि स्थिर जाते, पुढे घेतला की सैल होऊन लवकर वळते. सुरुवात मागून करावी.

हे सगळं कागदावर लिहून मी भाचीला दिलं. ती हसली, पण दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं गोव्याला गेलो तेव्हा तिने तो कागद खिशातून काढला.

अश्व्याच्या किनाऱ्यावर

पहिली पाहिलेली फळी, फोटोतली, पराच्या मुळाशी चिरलेली निघाली. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं. दुसरी एका परत निघालेल्या प्रवाशाची होती, नऊ फूट दोन इंच, दोन जागी ठिगळं, पण आवाज खणखणीत. ती घेतली. ती पुण्याला आणण्याचा प्रश्नच नव्हता. कसब्यातल्या जिन्यात तेवढी फळी वळणारच नाही, आणि मुठेत आज पाय बुडवावा असं पाणी नाही. फळी तिथेच एका ओळखीच्या झोपडीत राहते.

शिकण्याचं मी काठावरून पाहिलं. पावसाळ्यानंतरचा समुद्र तिथे मऊ असतो. वाळूचा तळ, लाट कमरेएवढी. जून ते सप्टेंबर मात्र तोच समुद्र माणूस ओढून नेतो. तेव्हा लाल झेंडा दिसला की मागे फिरावं.

भाचीला नव्या फळीवर पहिले दोन दिवस फार जड गेले. शाळेच्या फोमच्या फळीवर ती झटकन उठून झटकन वळायची. ही फळी झटका ओळखतच नाही. झटका दिला की तिचं नाक पाण्यात घुसायचं आणि भाची पुढे आपटायची. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका शिकवणाऱ्या मुलाने तिला एकच गोष्ट सांगितली: लाट पकडल्यावर मनात तीन मोजेपर्यंत काही करायचं नाही. आडवं पडून हात मारताना फळीचं नाक पाण्याच्या बोटभर वर राहील असं झोपायचं. लाटेने उचललं की किंचित तिरकं बघायचं, उठायचं आणि थांबायचं. वेग हवा तर एक पाऊल पुढे. वळायचं तर एक पाऊल मागे, पराच्या वर, आणि नजर, खांदा, कंबर याच क्रमाने फिरवायचं. फळी उशिरा येते, पण येते.

मला माझी तख्ती आठवली. उर्दू शिकताना मुलतानी माती लावलेल्या लाकडी तख्तीवर बोरूने लिहायचो. उस्ताद म्हणायचे, बोरू एकाच कोनात धरा आणि अक्षर बोरूला काढू द्या, मनगट झटकू नका. बॉलपेन आलं आणि ते शिक्षण गेलं. आज वर्गात मुलांची उर्दू आणि मराठी दोन्ही अक्षरं बघताना मला त्या तख्तीची उणीव जाणवते. एकाच कोनाचा बोरू आणि एकच पर, दोघेही चुकलेलं लगेच दाखवतात.

तिच्या कपड्यांवरून विचारणारे विचारतातच, म्हणून सांगतो. उन्हापासून आणि फळीच्या घासण्यापासून वाचायला तिथे पुरुष-बाया सगळेच पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे कपडे घालतात. भाचीच्या अंगावरचे कपडे बघून कुणाला ती कोणत्या घरची हे ओळखता आलं नसतं. हजरत उमर यांच्या नावाने सांगितलं जातं, की मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा. बाबराने आपल्या आत्मचरित्रात गंगा किती हातांत पार केली ते मोजून लिहिलंय, तेहेतीस. नजीर अकबराबादींनी आग्र्याच्या पोहणाऱ्यांवर नज्म लिहिली. पाण्याशी आमचं वैर नव्हतं. 1961 च्या एका सकाळी ते झालं, आणि आमच्या घराने ते कायद्यासारखं सांभाळलं.

दादीला मी दोष देत नाही. जिने भिंत बसताना पाहिली तिने जे केलं ते तिच्या परीने बरोबरच होतं. पण आमच्यापर्यंत फक्त तिची भीती पोहोचली. पाण्याची माहिती तिने अम्मीच्या तोंडात बंद केली आणि तिथेच ती राहिली. पूर आलाच तर भीतीने कुणी तरत नाही. दोरी काखेखालून घ्यायची असते हे ठाऊक असलेला माणूस तरण्याची शक्यता जास्त.

मी अजून फळीवर चढलेलो नाही. पोहता न येणाऱ्याने चढूही नये. फळी पायाला दोरीने बांधलेली असते, पण दोरी तुटते. म्हणून परत आल्यावर मी शाळेजवळच्या तरणतलावात नाव घातलं. सकाळी सहाची बॅच. माझ्याबरोबर सगळी सात-आठ वर्षांची मुलं, त्यातली दोन माझ्याच शाळेतली. सर थर्माकोलचा डबा बांधून पाण्यात उतरतात हे त्यांनी वर्गात सगळ्यांना सांगितलंय.

पहिल्या दिवशी निघताना अम्मी दारापर्यंत आली. तिने माझ्या पिशवीतला पट्टा बाहेर काढला, ओढून पाहिला, आणि त्या थर्माकोलच्या डब्यावर बोटाने दोनदा टकटक केली.

"हलका आहे," ती म्हणाली. "पांगाऱ्याची सर नाही. पण चालेल."